ताऱ्यांचे ठसे आणि पीएसएफएक्सचे नखरे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच विषयावर होती. आकाशाच्या प्रतिमेतून स्रोत शोधून काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीएसएफची सेटिंग कशी ठेवायची, हा तो विषय. पीएसएफ म्हणजे बिंदूसारख्या ताऱ्याचा प्रकाश डिटेक्टरवर ज्या आकारात पसरतो तो ठसा. हवा, आरसे, फोकस, मार्गणातली (तारा धरून दुर्बीण फिरवण्यातली) थरथर या सगळ्यांची सही त्यात असते. सोर्स-एक्स्ट्रॅक्टर हे १९९६ साली जाहीर झालेले सॉफ्टवेअर स्रोत शोधते. एमॅन्युएल बर्टिन यांचेच पीएसएफएक्स त्याच्या कॅटलॉगमधले तारे निवडून ठशाचे मॉडेल बनवते. ते मॉडेल घेऊन सोर्स-एक्स्ट्रॅक्टर दुसऱ्यांदा चालवायचे, असा हा दोन फेऱ्यांचा कारभार आहे.

सेटिंगांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन मोठ्या अक्षरांतच लिहावीत.

प्रश्न : झेडटीएफ (झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी) या आकाश-सर्वेक्षणाची आर-फिल्टरमधली एक प्रतिमा घेऊन पीएसएफएक्स चालवले. पहिल्या कॅटलॉगमध्ये साडेतीन हजार स्रोत आहेत, पण पीएसएफएक्सने स्वीकारले जेमतेम एकोणीस. सगळी सेटिंग डीफॉल्ट ठेवली होती. चूक कुठे झाली? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

डीफॉल्ट ठेवली, तिथेच. पीएसएफएक्समध्ये सॅम्पल_एफडब्ल्यूएचएमरेंज, म्हणजे ताऱ्याची (अर्ध्या उंचीवरची) रुंदी किती ते किती चालेल, हे सेटिंग २.०,१०.० असे येते आणि हे आकडे पिक्सेलमध्ये असतात, कोनीय सेकंदांत (पुढे नुसते सेकंद) नव्हे. झेडटीएफ पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीवर आहे आणि त्याचा एक पिक्सेल १.०१ सेकंदाचा. हवा चांगली असलेल्या रात्री ताऱ्याची रुंदी दोन सेकंदांच्या आसपास, म्हणजे दोन पिक्सेलच भरते. बहुसंख्य तारे खालच्या मर्यादेवर किंवा तिच्या किंचित खाली पडतात आणि बाद होतात. उरतात ते बहुधा जोडतारे आणि छोट्या दीर्घिका. तुमचे एकोणीस 'तारे' डीएस९ या प्रतिमा पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा, त्यांतले निम्मे तरी तारे नसतील. मर्यादा १.३,५.० करा.

एवढ्याने संख्या वाढेल, पण मॉडेल चांगले होईलच असे नाही. सगळी फेरी पहिल्यापासून नीट करू.

पहिल्या फेरीत कॅटलॉग_टाइप हे फिट्स_एलडॅक असलेच पाहिजे; साधा मजकुराचा कॅटलॉग पीएसएफएक्स वाचत नाही. पॅरामीटरच्या फाइलमध्ये एक्स_इमेज, वाय_इमेज, फ्लक्स_रेडियस, फ्लक्स_एपर(१), फ्लक्सएर_एपर(१), इलाँगेशन, फ्लॅग्ज, एसएनआर_विन आणि व्हिग्नेट(३५,३५) लिहा. व्हिग्नेट म्हणजे प्रत्येक स्रोताभोवती कापलेला चौकोनी तुकडा, मॉडेल त्यावरूनच बनते. बाजू विषम संख्येची ठेवा. दोन पिक्सेल रुंदीच्या ताऱ्याला २५ पुरतात, पाच पिक्सेलच्या ताऱ्याला ४५ लागतात. उगाच १०१ ठेवले तर फाइल फुगते आणि शेजारचे तारेही तुकड्यात शिरतात. उबुंटू आणि डेबियनवर आज्ञेचे नाव सोर्स-एक्स्ट्रॅक्टर असे पूर्ण आहे, जुन्या पुस्तिकांतली तीन अक्षरी आज्ञा तिथे चालणार नाही.

आता टॉपकॅट या कॅटलॉग हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढा. आडव्या अक्षावर फ्लक्स_रेडियस (अर्धा प्रकाश मावणारी त्रिज्या) आणि उभ्यावर प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप. तारे एका अरुंद उभ्या पट्टीत रांगेने उभे दिसतील, कारण अंधुक असो की तेजस्वी, ताऱ्याच्या ठशाची रुंदी तीच. दीर्घिका उजवीकडे पांगतात, वैश्विक किरणांचे डाग पट्टीच्या डावीकडे. सगळ्यात तेजस्वी टोकाला पट्टी उजवीकडे वाकते, तिथे पिक्सेल भरून वाहू लागलेले असतात. पट्टी वाकायला लागते त्याच्या बरेच खाली तुमची तेजस्वितेची वरची मर्यादा असू द्या. पीएसएफएक्स फ्लक्स_रेडियसची दुप्पट हीच रुंदी धरते. त्यामुळे पट्टी १.१ वर असेल तर रुंदी २.२. मात्र फॉट_फ्लक्सफ्रॅक ०.५ असायला हवे. कुणी ते ०.९ करून ठेवले असेल तर हे सगळे गणित कोसळते.

ही मर्यादा म्हणजे सॅटर_लेव्हल, पिक्सेल भरला असे मानायची पातळी. ती डीफॉल्ट ५०००० असते. प्रतिमा जर वेळेच्या सेकंदामागे मोजणीत बदललेली असेल तर संपृक्त ताऱ्याची किंमत काही शे असू शकते आणि ५०००० ची अट कुणालाच अडवणार नाही. आणखी एक खोच आहे. हेडरमध्ये (प्रतिमेच्या फाइलीतल्या माहितीच्या नोंदींत) सॅच्युरेट किंवा गेन (एका मोजणीमागे इलेक्ट्रॉन किती) ही नोंद असली, तर सॉफ्टवेअर तीच घेते आणि कॉन्फिगमधला तुमचा आकडा बाजूला पडतो. आकडा बदलूनही निकाल तसूभर हलत नसेल तर आधी हेडर तपासा. गेनचेही असेच. प्रतिमांची सरासरी घेतली असेल तर एका प्रतिमेचा गेन गुणिले प्रतिमांची संख्या, मध्यक घेतला असेल तर त्याचे दोन-तृतीयांश. गेन चुकला की ताऱ्याच्या त्रुटी चुकतात आणि पीएसएफएक्स कुणाला किती वजन द्यायचे यात फसते.

मग पीएसएफएक्सकडे या. सॅम्पल_मिनएसएन (गोंगाटाच्या तुलनेत तारा किमान किती तीव्र हवा) २० ठीक आहे, तारे मुबलक असतील तर ४० करा. सॅम्पल_मॅक्सएलिप (लांबटपणाची वरची मर्यादा) ०.३ राहू द्या. सॅम्पल_व्हेरिएबिलिटी ०.२ म्हणजे रुंदीत वीस टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. चालवल्यावर पडद्यावर एक ओळ येते. तिच्यात स्वीकारलेले आणि एकूण, मग कायवर्ग (मॉडेल निरीक्षणाशी किती जुळते त्याचे माप), रुंदी, लांबटपणा वगैरे असते. अभ्यासाला तेवढी ओळ पुरते असे समजू नका. चेकइमेज_टाइपमध्ये सॅम्पल्स आणि रेसिड्युअल्स मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

शिल्लक प्रतिमा (रेसिड्युअल्स) वाचायची रीत अशी. निरीक्षणातून मॉडेल वजा केल्यावर मधोमध उजळ ठिपका आणि भोवती काळे कडे असेल तर मॉडेल खऱ्या ठशापेक्षा रुंद झाले आहे. मध्य काळा आणि कडे उजळ असेल तर मॉडेल अरुंद. फक्त तेजस्वी ताऱ्यांत मध्य काळा दिसतो, अंधुक ताऱ्यांत नाही, असे असेल तर तो सीसीडीचा गुण आहे. भरत आलेला पिक्सेल पुढच्या इलेक्ट्रॉनांना शेजाऱ्याकडे ढकलतो, त्यामुळे तेजस्वी तारा जरा जाड दिसतो. अशा वेळी सॅटर_लेव्हल अजून खाली आणा. एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला काळा असा दुहेरी डाग असेल तर केंद्र सरकले आहे किंवा ठसा तिरपा आहे. आणि प्रत्येक तुकड्यात डाग वेगळ्याच जागी असेल तर मॉडेलला दोष देऊ नका, ते शेजारचे तारे आहेत.

प्रश्न : हानलेच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीच्या प्रतिमेत कोपऱ्यांतले तारे लांबट आहेत. पीएसएफव्हार_डिग्रीज (जागेप्रमाणे ठसा बदलू देणाऱ्या बहुपदीचा घात) २ वरून ५ केले तर कायवर्ग सुधारला, पण कोपऱ्यातल्या प्रती आणखी बिघडल्या. असे कसे? (नागपूर)

ही दुर्बीण भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई मिळून चालवतात. आरसा ०.७ मीटर, क्षेत्र सुमारे ०.७ अंश. एवढ्या मोठ्या क्षेत्रात ठसा जागोजागी बदलणारच, म्हणून बहुपदी हवी हे बरोबर. पण बहुपदीची किंमत मोजून पाहा. दोन चलांत दुसऱ्या घाताला ६ सहगुणक लागतात, तिसऱ्याला १०, चौथ्याला १५, पाचव्याला २१. हे सहगुणक मॉडेलच्या प्रत्येक पिक्सेलला वेगळे असतात. तुमच्या पत्रात स्वीकारलेले तारे १३० आहेत. म्हणजे पाचव्या घातात एका सहगुणकाला सहा तारे आले, तेही बहुतेक मध्यभागी. कोपऱ्यात तारेच नसतील तर बहुपदी तिथे वाऱ्यावर सुटते. कायवर्ग सुधारला कारण तो ज्या ताऱ्यांवर बसवला त्यांच्यावरच मोजला.

आमचा ठोकताळा सहगुणकामागे किमान दहा तारे, आणि प्रतिमेचे नऊ चौकोन पाडले तर प्रत्येकात निदान पाच-सहा. १३० ताऱ्यांना दुसरा घात, फार तर तिसरा. तपासायचे असेल तर कॅटलॉगमधले दर पाचवे तारे बाजूला काढा, उरलेल्यांवर मॉडेल बनवा आणि बाजूला ठेवलेल्यांची प्रत मोजा. कोपऱ्यात मॅग_पीएसएफ (मॉडेलने मोजलेली प्रत) आणि मॅग_एपर (ठराविक छिद्रातून मोजलेली प्रत) यांतला फरक मध्यापेक्षा ०.०२ प्रतीहून जास्त हलत असेल तरच घात वाढवा. चेकप्लॉट_टाइपमध्ये एलिप्टिसिटी मागितली की लांबटपणाचा नकाशा मिळतो. त्यात कोपऱ्याकडे सगळ्या रेषा केंद्राच्या दिशेने असतील तर ती प्रकाशिकी, सगळीकडे एकाच दिशेने असतील तर मार्गण. मार्गणाच्या दोषाला घात वाढवून काहीच मिळत नाही, कारण तो सगळीकडे सारखाच असतो.

अनेक चिपांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चिपचे मॉडेल वेगळे बनवा. चिपच्या कडेवर ठसा उडी मारतो आणि बहुपदीला उडी मारता येत नाही.

प्रश्न : सीइंग_एफडब्ल्यूएचएम कितीही बदलले तरी मॅग_पीएसएफ तेच राहते आणि स्रोतांची संख्याही. (छत्रपती संभाजीनगर)

राहणारच. ते सेटिंग फक्त क्लास_स्टार या जुन्या तारा-दीर्घिका निकषासाठी वापरले जाते.

याच्या पोटात एक मोठा गैरसमज आहे, तो अनेक पत्रांत दिसला. स्रोत शोधण्याच्या पायरीत सोर्स-एक्स्ट्रॅक्टर पीएसएफएक्सचे मॉडेल वापरतच नाही. शोधताना चालते ते फिल्टर_नेममधले छोटे जाळे. सोबत येणाऱ्या फाइलींत गॉस_२.०_५x५, गॉस_३.०_७x७ अशी नावे असतात, त्यांतला पहिला आकडा पिक्सेलमधली रुंदी. तुमच्या ताऱ्याच्या रुंदीला जवळची निवडा. शोधायचे कमी-जास्त करायचे असेल तर तिथे हात घाला.

आणि डिटेक्ट_थ्रेश १.५ पाहून घाबरू नका. उंबरठा गाळलेल्या प्रतिमेवर लागतो, पण मोजमाप गाळण्यापूर्वीच्या गोंगाटाचे असते. तीन पिक्सेल रुंदीच्या गॉसियनने गाळले की स्वतंत्र पिक्सेलांचा गोंगाट साधारण साडेचार पटीने उतरतो, म्हणजे १.५ चा खरा अर्थ पावणेसातच्या घरात जातो. जोडलेल्या प्रतिमांत शेजारच्या पिक्सेलांचा गोंगाट एकमेकांत मिसळलेला असतो, तिथे हा फायदा मिळत नाही आणि खोटे स्रोत वाढतात.

प्रश्न : मॅग_पीएसएफ आणि मॅग_ऑटो (स्रोताच्या आकारानुसार आपोआप ठरलेल्या छिद्रातली प्रत) यांत सगळ्या ताऱ्यांना ०.१७ चा फरक येतो. कोणते खरे मानायचे? (मडगाव, गोवा)

तुमची ताऱ्याची रुंदी तीन पिक्सेल आणि फॉट_एपर्चर्स (मोजणीचे गोल छिद्र) ५, म्हणजे डीफॉल्ट. उत्तर या दोन आकड्यांत आहे. पीएसएफएक्स प्रत्येक तारा फ्लक्स_एपर(१) ने भागून एका मापात आणते, म्हणून मॅग_पीएसएफचा पाया ते छिद्रच ठरवते. ५ हा व्यास आहे, त्रिज्या अडीच. तीन पिक्सेल रुंदीच्या गॉसियनचा ८५ टक्के प्रकाश अडीच पिक्सेल त्रिज्येत मावतो, बाहेर राहिलेल्या १५ टक्क्यांचे होतात ०.१७ प्रत. खऱ्या ताऱ्याचे पंख गॉसियनहून लांब असतात, तेव्हा फरक थोडा जास्तच येतो. छिद्र १२ पिक्सेल करा आणि दोन्ही फेऱ्या पुन्हा चालवा. सगळ्यांना सारखाच असलेला फरक शून्यबिंदूत (प्रतींच्या मोजपट्टीच्या सुरुवातीच्या आकड्यात) सामावतो, त्याची चिंता नाही. फरक तेजस्वितेप्रमाणे बदलत असेल तर संपृक्तता किंवा पार्श्वभूमी पाहा, जागेप्रमाणे बदलत असेल तर बहुपदी.

पीएसएफ_साइझ २५,२५ हेही तपासा. हे पिक्सेल मॉडेलचे आहेत, प्रतिमेचे नाहीत. पीएसएफ_सॅम्पलिंग (मॉडेलचा पिक्सेल प्रतिमेच्या पिक्सेलच्या किती पट) ०.५ असेल तर २५ म्हणजे प्रतिमेतले जेमतेम साडेबारा पिक्सेल. पंख तिथेच कापले जातात.

तुमच्याच पत्रातला दुसरा मुद्दा स्प्रेड_मॉडेलचा, म्हणजे स्रोत ठशाहून किती पसरट ते सांगणाऱ्या आकड्याचा. तारे शून्याभोवती, दीर्घिका धन बाजूला, वैश्विक किरण ऋण बाजूला असायला हवेत. तुमचे तारे ०.००४ भोवती जमले आहेत, म्हणजे मॉडेल ताऱ्यांहून अरुंद बनले आहे. ०.००३ ही नेहमीची सीमारेषा तशा कॅटलॉगला लावलीत तर सगळे तारे दीर्घिका ठरतील. अंधुक टोकाला नुसत्या स्प्रेड_मॉडेलवर विसंबू नका, सोबत त्याची त्रुटी स्प्रेडएर_मॉडेलही विचारात घ्या.

प्रश्न : सतरा रात्रींच्या प्रतिमा स्वार्प या सॉफ्टवेअरने जोडल्या. जोडलेल्या प्रतिमेवर पीएसएफएक्स चालवावे का? (डोंबिवली)

चालेल, पण अटीवर. प्रत्येक जागी कोणत्या रात्रींच्या प्रतिमा एकमेकींवर पडल्या ते वेगळे असते, त्यामुळे ठसा चौकटींच्या कडांवर अचानक बदलतो आणि गुळगुळीत बहुपदीला ते पकडता येत नाही. सगळ्या रात्रींची रुंदी एकमेकींच्या दहा टक्क्यांत असेल आणि चौकटी जवळपास एकावर एक असतील तर चालवा. नाहीतर वाईट हवेच्या रात्री आधी वगळा. प्रती अचूक हव्या असतील तर शोध जोडलेल्या प्रतिमेवर आणि मोजणी एकेका प्रतिमेवर.

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ६५० मेगाहर्ट्झ प्रतिमेवर पायबीडीएसएफ हे स्रोत शोधणारे सॉफ्टवेअर चालवतो. बीम (रेडिओतला ठसा) आधीच माहीत असते, मग जागोजागी ठसा बदलू देणारे पीएसएफ_व्हेरी_डू कशाला? (नारायणगाव)

रेडिओत ठशाची गोष्ट वेगळी आहे. हेडरमधली बीम ही मोजलेली नसते, 'क्लीन' ही सफाईची प्रक्रिया केल्यानंतर आपणच स्रोतांवर चढवलेले गॉसियन असते. तीस अँटेनांच्या मांडणीतून गणिताने ती ठरते. खऱ्या प्रतिमेत आयनोस्फिअरने लहरींची कला (फेज) हलवल्यामुळे आणि चॅनेल एकत्र केल्यामुळे बिंदू तिच्याहून रुंद होतो, आणि तो कडेकडे जास्त होतो. पीएसएफ_व्हेरी_डू हे त्यासाठीच, डीफॉल्ट ते बंद असते.

चालू करण्यापूर्वी टोटल_फ्लक्स भागिले पीक_फ्लक्स हे गुणोत्तर गोंगाटाच्या तुलनेतल्या तीव्रतेसमोर मांडा, फक्त एस_कोड 'एस' (एकाच गॉसियनचे) असलेले स्रोत घेऊन. बिंदुस्रोतांचे गुणोत्तर १ भोवती असावे. तीव्र स्रोतही १.२ वर बसत असतील तर बीम अपुरी आहे. मग तेच गुणोत्तर केंद्रापासूनच्या अंतरासमोर मांडा. अंतरासोबत वाढत असेल तर चॅनेल फार एकत्र केले आहेत. हिशेब सोपा आहे. चॅनेलची रुंदी भागिले वारंवारता, गुणिले केंद्रापासूनचे अंतर भागिले बीम. २०० मेगाहर्ट्झचे २०४८ चॅनेल, बीम ५ सेकंद, अंतर १५ कोनीय मिनिटे असेल तर हा आकडा ०.०३ च्या आत येतो, काही बिघडत नाही. ६४ चॅनेल एकत्र केले की तो १.७ होतो आणि बिंदू केंद्राच्या दिशेने लांबतो. याला पीएसएफ_व्हेरी_डू हे औषध नाही, पुन्हा प्रतिमा बनवावी लागेल.

गुणोत्तर केंद्रापासच्या अंतराशी न जुळता तुकड्यातुकड्याने बदलत असेल तर ते बहुधा आयनोस्फिअर, तिथे हे सेटिंग कामाचे. पीएसएफ_एसएनआरकट १० असते, तीव्र स्रोत शंभरहून जास्त असतील तर २० करा. पीएसएफ_स्टाइप_ओन्ली चालू ठेवा, नाहीतर दुहेरी रेडिओ दीर्घिका ठशाच्या नमुन्यात घुसतात. नंतर एक्सपोर्ट_इमेजने पीएसएफ_मेजर हा नकाशा काढून पाहा. एकाच स्रोताभोवती उंचवटा दिसला तर तो स्रोत बिंदू नव्हता.

आणि बीम हाताने देत असाल तर अंशांत द्या. ५ सेकंद म्हणजे ०.००१३९ अंश. सेकंद म्हणून नुसता ५ लिहिला तर सॉफ्टवेअर पाच अंशांची बीम समजते. बीममध्ये निदान चार-पाच पिक्सेल हवेत, दोनच असतील तर गॉसियन बसवणे अंदाजपंचे होते. प्राथमिक बीमसाठी (एकेका अँटेनाची संवेदना कडेला कमी होते त्यासाठी) दुरुस्त केलेल्या प्रतिमेच्या कडेला गोंगाट वाढतो, म्हणून शोध दुरुस्त न केलेल्या प्रतिमेवर घ्या, ती डिटेक्शन_इमेज म्हणून द्या आणि तीव्रता दुरुस्त प्रतिमेवरून मोजा.

प्रश्न : ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा. पीएसएफएक्स एकही तारा घेत नाही. (ठाणे)

तुमचा एक पिक्सेल १.९४ सेकंदांचा. तीन सेकंदांच्या हवेत ताऱ्याची रुंदी दीड पिक्सेल, म्हणजे पहिल्या प्रश्नातलीच दोन पिक्सेलची भिंत. खालची मर्यादा १.०, वरची ४.० ठेवा. मात्र एवढ्या अरुंद ताऱ्यात आणि वैश्विक किरणात फरक करणे अवघड जाते, म्हणून प्रत्येक चित्रात दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवा. डाग एकाच चित्रात असतो, तारा सगळ्यांत. याचा दुसराही फायदा आहे. तारा पिक्सेलच्या कधी मध्यावर, कधी कडेवर पडतो आणि पीएसएफएक्सला पिक्सेलहून बारीक तपशील उभा करता येतो. पीएसएफ_सॅम्पलिंग ०.५ आणि पीएसएफ_साइझ ४१,४१ द्या.

रंगीत प्रतिमा डीबेअर करून (प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरून) देऊ नका. त्यात रिकाम्या जागी शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले आकडे असतात, ठसा त्या अंदाजाचाच निघतो. कच्च्या प्रतिमेतून हिरव्या पिक्सेलांचा एक संच वेगळा काढा आणि तोच वापरा. तसे केल्यावर पिक्सेल ३.८८ सेकंदांचा होतो आणि रुंदी पाऊण पिक्सेलवर येते, तिथे पीएसएफ बसवण्याचा हट्ट सोडून सहा-सात पिक्सेल व्यासाच्या छिद्राने मोजणी करा. पीएसएफच हवे असेल तर त्याच दुर्बिणीला नाभीय अंतर दुप्पट करणारे बार्लो भिंग लावा, किंवा कृष्णधवल कॅमेरा कुणाकडून मिळतो का बघा.